आजचे कार्यक्रम

पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एक चौकट असे. रुंदी एका रकान्याची. वर 'दूरदर्शन', खाली वेळा आणि नावे. शेजारी आकाशवाणी, त्याखाली पंचांग. वाहिन्या वाढल्या तशी चौकट वाढत पाव पानापर्यंत गेली. वाहिन्या आणखी वाढल्यावर त्यातली निवडक नावेच छापली जाऊ लागली. पुढे तीही कमी झाली. आता बहुतेक अंकांत चौकट नाही. पंचांग आहे.

खानदेशातल्या फैजपूरला रेल्वे नाही. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन इथे भरले, तेव्हाही जवळचे स्थानक सावद्याचेच होते. पेपरचा गठ्ठा एस.टी.ने येई. गाडीला उशीर झाला की सकाळचे कार्यक्रम छापील चौकटीत वाचण्याआधीच होऊन गेलेले असत. गठ्ठ्याची वाट पाहत स्टँडवर उभे राहणारे लोक आता नाहीत.

रविवारच्या पुरवणीत पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक येई. ते कात्रीने कापून शोकेसच्या काचेला आतून लावत. चिकटवायला खळ, नाहीतर भाताची शिते. नवे कात्रण जुन्यावरच बसे. वर्षभरात त्याची जाड पुठ्ठ्यासारखी वडी होई. शोकेस गेले, टीव्ही भिंतीवर गेला. चिकटवायला काच उरली नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, एकादशी. त्यातच एखाद्या शनिवारच्या चौकोनात सिनेमाचे नाव पेनाने लिहिलेले असे. दुधाचा हिशेब अजून लिहितात. सिनेमाचे नाव लिहीत नाहीत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या आठवड्यात काय दाखवणार हे सांगणारा एक स्वतंत्र कार्यक्रमच तिथे होता. त्याचे नाव 'साप्ताहिकी'. नाटक, सिनेमा, मुलाखत यांचे तुकडे दाखवत आणि वार, वेळ सांगत. जिथे मुंबई केंद्र दिसे, तिथे लोक कागद-पेन घेऊन बसत. कार्यक्रमांची माहिती देणारा कार्यक्रम आता नाही. प्रत्येक वाहिनी दर पाच-दहा मिनिटांनी स्वतःचीच जाहिरात करते.

दोन कार्यक्रमांच्या मध्ये निवेदिका येई. नमस्कार करी. पुढे काय आहे ते सांगे. तिच्या मागे साधा पडदा, कधी फुलदाणी. ती बोलत असताना स्वयंपाकघरातून माणसे बाहेर येत. तिच्या जागी पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान पाटी आली. पाटीवर पुढच्या कार्यक्रमाचे नाव दहा सेकंद राहते.

ऐन वेळी बदल झाला तर तोही निवेदिकाच सांगे. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला की छापील चौकट रद्द होई. मालिका, गाणी, सिनेमा बंद. सतारीचे, सारंगीचे सूर. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्यानंतरचे दिवस अनेकांना असे आठवतात. दुखवटा आता वृत्तवाहिन्यांवर असतो. इतर वाहिन्यांची यादी सहसा तशीच चालू राहते.

इन्सॅट-१ बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला. १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. उपग्रहावरून आलेला कार्यक्रम ते प्रक्षेपक आसपासच्या काही किलोमीटरांत पसरवत. गाव कडेला असेल तर पाइप उंच लागे. धाब्याच्या घरांवर पाइप उभा राहावा म्हणून मातीत खुंटा ठोकून तारेचे ताण देत. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपे. धाबी कमी झाली. स्लॅब आले. पाइप निघाले.

वाऱ्याने अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या येत. एक जण वर चढे, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. वरचा विचारी, खालचा ओरडे, मधला निरोप पोचवी. चित्र स्वच्छ झाले की वरच्याला तिथेच थांबायला सांगत. त्याचा कार्यक्रम वरच होई. आता चित्र पूर्ण असते किंवा नसते. मुंग्या येत नाहीत.

अँटेनाला बूस्टर, बूस्टरला चपटी वायर, वायरीला खिडकीच्या चौकटीत पाडलेले भोक. जुन्या घरांच्या चौकटींत ती भोके आहेत. काही सिमेंटने बुजवली आहेत.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपले. रविवार, सकाळी साडेनऊ. 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. त्या साडेतीन वर्षांत रविवार सकाळची वेळ कुणी चौकटीत पाहत नसे. लग्नाचे मुहूर्त, केळीच्या बागेतली कामे, न्हाव्याच्या दुकानातली गर्दी, सगळे तिच्या अलीकडे किंवा पलीकडे सरके.

रविवारी दुपारी दुसऱ्या भाषेतला सिनेमा लागे. बंगाली, मल्याळम, आसामी. खाली इंग्रजी ओळी. कळो न कळो, तो पाहिला जाई, कारण दुसरे काही लावता येत नसे. तो सिनेमा आज शोधला तर मिळतो. शोधावा लागतो.

रात्री प्रक्षेपण संपे. निरोप, मग पडद्यावर रंगीत पट्टे आणि एकसुरी आवाज, मग काहीच नाही. चौकटीतही शेवटची ओळ 'समाप्ती' अशी असे. आता सूचीत समाप्तीची ओळ नाही. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचे रकाने पुनःप्रक्षेपणाने आणि विक्रीच्या कार्यक्रमांनी भरलेले असतात.

खानदेशात भारनियमनाचेही वेळापत्रक छापून येई. सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके. घरात दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहत. मालिका आणि वीज यांची वेळ जुळली तर संध्याकाळ मोकळी. नाही जुळली तर शेजारच्या फीडरवर कोण राहते ते आठवत.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होता ते बॅटरी काढून घरात आणत. लहान कृष्णधवल टीव्ही बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की चित्र चारी बाजूंनी आत येई. सकाळी ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागे. पुढे इन्व्हर्टर आले. कृष्णधवल संच भंगारात गेले.

टीव्हीच्या पुढच्या बाजूला एक लहान झाकण असे. त्याच्या आत बारीक चाके. एकेका बटणासाठी एकेक चाक फिरवून वाहिनी पकडावी लागे. संचाला आठ किंवा बारा बटणे. तेवढ्याच वाहिन्या. झाकण बहुधा पहिल्याच वर्षी हरवे. चाक फिरवायला दिलेली प्लास्टिकची काडीही.

१९९१ मध्ये एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू झाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी. केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची मोठी छत्री उभी राहिली. आठ फूट, दहा फूट, बारा फूट. तिथून विजेच्या खांबांवरून काळ्या तारा गल्लीत आल्या. छत्री लांबून दिसे. गावात नवा आलेला माणूस तिच्या खुणेने पत्ता सांगे. जाळ्या गंजल्या, सांगाडे उतरवले. खुणेसाठी आता मोबाइलचा मनोरा आहे.

केबलवाला छापील चिठ्ठी देई. एक ते साठ आकडे, प्रत्येकासमोर वाहिनीचे नाव. काही नावे चुकलेली, काही पेनाने खोडलेली. खाली केबलवाल्याचा फोन नंबर. चिठ्ठी टीव्हीच्या पाठीला किंवा कपाटाच्या दाराला लावत. नंबर बदलले की नवी चिठ्ठी महिन्याच्या पावतीबरोबर येई.

पावती पुस्तकातली असे. मागे कार्बन. वसुलीला येणारा मुलगा दारात उभा राहून तक्रार ऐके. अमुक वाहिनी नीट दिसत नाही, तमुक बंद आहे. तो पावतीच्या मागे लिहून घेई. वसुलीचा मुलगा आता येत नाही. पैसे मोबाइलवरून जातात. त्याच खांबांवरून आता इंटरनेटची तार येते.

केबलवाल्याची स्वतःची एक वाहिनी असे. दिवसभर सिनेमे, खाली सरकती पट्टी. नळाला पाणी कधी, हरवलेली पिशवी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, अंत्ययात्रा किती वाजता निघेल. रात्री कोणता सिनेमा लावणार तेही पट्टीवरच. अंत्ययात्रेची वेळ आता व्हॉट्सॲपच्या गटांवर येते. केळीचे भावही तिथेच येतात.

काही नावे यादीतून गेली. डीडी मेट्रोच्या जागी ३ नोव्हेंबर २००३ रोजी डीडी न्यूज आले. १९९९ मध्ये आलेली अल्फा मराठी पुढे झी मराठी झाली. जुलै २००० मध्ये सुरू झालेली ई टीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. २००७ चे स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झाले. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ५ एप्रिल २००० पासून सह्याद्री हे नाव आहे. ते टिकले.

१६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केले. ३३ वाहिन्या. महिन्याचे पैसे नाहीत. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा. केबलची तार जिथे पोचली नव्हती, त्या शेतातल्या घरांवर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर छत्र्या लागल्या. त्या सेवेचे नाव आता डीडी फ्री डिश आहे.

आधी हे प्रक्षेपण ९५ अंश पूर्वेच्या उपग्रहावरून येई. २००७ मध्ये इन्सॅट-४ बी अवकाशात गेला आणि प्रक्षेपण ९३.५ अंशांवर आले. फरक दीड अंशाचा. छत्री बोटभर फिरवावी लागली. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी राहिली. बसवणाऱ्या मुलांनी त्या आठवड्यांत दिवसाला पुष्कळ घरे केली.

फैजपुरातून हे उपग्रह आग्नेयेला दिसतात. जुने अँटेने प्रक्षेपकाकडे वळलेले असत, आडवे. छत्र्या वर, आग्नेयेकडे पाहतात. सगळ्यांची पाठ सातपुड्याकडे आहे. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या आणि कुरडया वाळत घालतात, तेव्हा छत्रीची सावली पडते तेवढी जागा सोडतात.

डिश टीव्ही २००३ मध्ये, टाटा स्काय २००६ मध्ये आले. रिमोटवर 'गाइड' नावाचे बटण आले. ते दाबले की निळ्या पडद्यावर रकाने उमटत. उभ्या ओळीत वाहिन्या, आडव्या ओळीत वेळा. अर्ध्या तासाचे एक घर. कोपऱ्यात चालू वाहिनीचे लहान चित्र. पुढचे सात दिवस पाहता येत. शोकेसच्या काचेवरचे शेवटचे कात्रण याच सुमाराचे.

सूची आकाशातून येते. चित्र आणि आवाजाबरोबर माहितीचा एक बारीक प्रवाह चालू असतो. त्यात प्रत्येक कार्यक्रमाचे नाव, सुरू होण्याची वेळ, कालावधी. आत्ताचा आणि नंतरचा कार्यक्रम पुन्हापुन्हा, काही सेकंदांनी. पुढच्या दिवसांचे सावकाश. बॉक्स ते वेचतो आणि रकाने भरतो. साध्या बॉक्समध्ये फक्त आत्ताचे आणि नंतरचे दिसे.

वीज गेली की बॉक्स वेचलेले विसरे. वीज आल्यावर रकाने रिकामे. एकेक नाव भरत जाई. पूर्ण भरेपर्यंत पुन्हा वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. चिकटवलेल्या कात्रणाला वीज लागत नसे.

प्रवाहातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारताची वेळ काढायला बॉक्स त्यात साडेपाच तास मिळवतो. काही स्वस्त बॉक्सांत ही जुळणी हाताने करावी लागे. केली नाही तर संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम दुपारी दोनच्या रकान्यात दिसे. काही घरांत ती जुळणी कधीच झाली नाही. तिथे मनात साडेपाच तास मिळवून सूची वाचत. नव्या बॉक्सांत वेळ आपोआप जुळते.

जोराचा पाऊस आला की लहान छत्रीचा सिग्नल जातो. ज्या लहरींवर हे प्रक्षेपण चालते त्या पावसात शोषल्या जातात. जाळीच्या मोठ्या छत्रीला एवढा त्रास नव्हता. तिच्या लहरी वेगळ्या होत्या. आकाश भरून आले की केबल असलेल्या घरी बातम्या पाहायला जात. ते जाणे थांबले. पावसाचे ढग कुठे आहेत ते मोबाइलवर दिसते.

सूचीतली मराठी नावे बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांत आली. लांब नावे रकान्यात मावत नसत. शेवटचा शब्द तीन टिंबांत जाई. ज्या आजींना वर्तमानपत्रातली चौकट वाचता येई, त्यांना पडद्यावरची सूची वाचता आली नाही. त्या नातवंडांना विचारत. नातवंडे शाळेत असली तर वाट पाहत.

संगणकात अक्षरे साठवण्यासाठी आयएसओ ८८५९ नावाची प्रमाणांची मालिका आहे. भाग १ ते १६. लॅटिन, सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू. भाग ११ थाई. भाग १३ बाल्टिक. भाग १२ देवनागरीसाठी योजला होता. १९९७ मध्ये ते काम सोडून दिले. तो क्रमांक पुढे कुणाला दिला नाही. युरोपात ठरलेल्या आणि इथल्या बॉक्सांतही आलेल्या डिजिटल टीव्हीच्या प्रमाणात सूचीसाठी याच मालिकेचे तक्ते वापरले गेले.

पुढे युनिकोड आले आणि देवनागरी पाठवता येऊ लागली. सूचीतल्या एका नोंदीत नाव आणि छोटी माहिती मिळून जास्तीत जास्त २५० बाइट बसतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये तीन. मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, त्यांनाही तीन-तीन. ज्या बॉक्समध्ये देवनागरीचा फाँट नाही, त्यात चौकोन उमटतात.

कार्यक्रमाच्या नावाखाली दोन ओळींची माहिती असते. मालिकांची माहिती रोज तीच राही. नायिका कोण, तिचे लग्न कुणाशी ठरले. मालिकेत तिला मुले झाली तरी सूचीत लग्न ठरतच असे. पेपरच्या चौकटीत माहिती नव्हती. नाव आणि वेळ एवढेच.

वाहिन्यांचे नंबर बोटांना पाठ असत. अंधारात, चष्म्याशिवाय, रिमोटकडे न पाहता. बातम्यांचा एक, कीर्तनाचा एक, मालिकेचा एक. ३ मार्च २०१७ च्या, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनी सूची लावण्याची रीत ठरली. एका प्रकारच्या वाहिन्या एकत्र. एक वाहिनी एकाच जागी. बातम्या बातम्यांजवळ, भक्ती भक्तीजवळ. शोधणे सोपे झाले. बोटे जुन्या नंबरांवर जात राहिली.

१ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायच्या झाल्या. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर, सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. न निवडलेल्या वाहिनीचे नाव सूचीत दिसे. कार्यक्रम, वेळ, माहिती, सगळे. दाबले की पैसे भरा अशी पाटी. पूर्वी यादीत असलेले सगळे दिसत असे.

फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो. १ मार्च २०१९ रोजी झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते तिथून गेल्या. २०२० मध्ये परत आल्या. १ एप्रिल २०२२ रोजी पुन्हा गेल्या. प्रत्येक वेळी बॉक्समध्ये नव्याने शोध घ्यावा लागे. शोध घेतला की आवडत्या वाहिन्यांचा लावलेला क्रम पुसला जाई. गल्लीतल्या एखाद्या मुलाला ते जमे. तो घरोघर जाई. चहा मिळे.

व्हिडिओकॉनचे टीव्ही औरंगाबादेजवळ बनत. त्यांची डी२एच सेवा २००९ मध्ये आली आणि २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. रिलायन्सची बिग टीव्ही २००८ मध्ये आली होती. ती सेवा बंद झाली. काही गच्च्यांवर तिच्या छत्र्या अजून आहेत. काहींवर कबुतरे बसतात. काही उलट्या करून त्यात पाणी ठेवले आहे. टाटा स्कायचे नाव जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले आहे. छत्र्यांवरचे नाव जुनेच आहे.

सूचीत एखाद्या कार्यक्रमावर खूण केली की वेळ झाल्यावर पडद्यावर आठवण येते. पूर्वी आठवण हाकेने येई. अंगणातून आत, आतून गच्चीवर, भिंतीपलीकडे. 'लागलं रे' एवढेच शब्द. गल्लीत एकाच वेळी चार-पाच घरांतून तीच हाक.

२००८ मध्ये टाटा स्काय प्लसचा बॉक्स आला. सूचीत कार्यक्रम निवडून एक बटण दाबले की तो साठवला जाई. त्याआधी चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगे. नळावर, भाजीच्या गाडीपाशी, बँकेच्या रांगेत. सांगणारी हावभावांसह सांगे. काही जणी भाग पाहण्यापेक्षा तिच्याकडून ऐकत. आता चुकलेला भाग मोबाइलवर असतो. विचारायचे कारण उरले नाही.

'किती वाजता लागतं' हा प्रश्नही गेला. तो ओळख नसलेल्या माणसालाही विचारता येई. एस.टी.त, दवाखान्यात, किराणा दुकानात. उत्तर बहुधा बरोबर असे. उत्तरानंतर दोन वाक्ये आणखी होत.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उघडे संच रांगेत पडलेले असत. एकाचे चित्र दुसऱ्याच्या आवाजावर तपासत. दुकानदाराला सगळ्या घरांचे संच माहीत. पिक्चर ट्यूब गेली असे तो सांगे तेव्हा घरात मोठा निर्णय असे. नवे पडदे दुरुस्त होत नाहीत, बदलतात. तसली दुकाने आता मोबाइलची कव्हरे आणि काचा विकतात.

३१ डिसेंबर २०१५ ही सर्व शहरी भागांत केबल डिजिटल करण्याची मुदत होती. नगरपरिषदांची गावे त्यात आली. तार थेट टीव्हीला जोडणे संपले. पूर्वी एका तारेला दुसरी तार जोडून शेजाऱ्याला चित्र देता येई. मधल्या भिंतीवरून ती तार जाई. आता प्रत्येक घराला वेगळा बॉक्स, वेगळे कार्ड, वेगळी सूची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. एप्रिलमध्ये राज्यात काही काळ घरपोच पेपर वाटण्यावर बंदी होती. वेळ सूचीत पाहून किंवा फोनवर विचारून कळली. ज्यांनी १९८७ मध्ये ते पाहिले होते, त्यांतले काही जण यावेळी एकटे पाहत होते. पेपर पुन्हा घरी येऊ लागले, तेव्हा पाने कमी झाली होती.

दूरदर्शनने जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. ३१ मार्च २०२२ ही शेवटची मुदत होती. मोक्याच्या जागांवरचे सुमारे ५० सोडून बाकीचे थांबले. ज्या घरांत अजून अँटेना होता, तिथे त्या दिवशीही कदाचित कुणी तो लावून पाहिला नसेल. बंद झाल्याची बातमी लहान होती.

जुने पेपर ज्यांनी बांधून ठेवले त्यांच्याकडे प्रत्येक दिवसाची चौकट आहे. कोणत्या रविवारी कोणता सिनेमा होता ते सांगता येते. आकाशातून येणाऱ्या सूचीत मागचे नसते. कार्यक्रम संपला की त्याची नोंद प्रवाहातून काढतात. मध्यरात्रीनंतर कालचा दिवस जातो, टोकाला एक नवा दिवस येतो. दिवस सातच राहतात.

सूची सुधारत गेली. निळा पडदा गेला, रंगीत आला. अक्षरांजवळ चित्रे आली. पात्रांचे चेहरे, तारे, कुणी किती पाहिले त्याची खूण. मागे सरकता येऊ लागले, कालचा भाग लावता येऊ लागला. बोलून शोधता येऊ लागले, मराठीतही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींना नाव उच्चारले की मालिका मिळते. नातवंडांची वाट पाहावी लागत नाही.

रिमोट लहान झाला. त्यावर चार दिशा, एक गोल, एक माइक. काहींवर ओटीटी सेवांची बटणे. एक ते नऊ आकडे नाहीत. पाठ असलेले नंबर दाबायला जागा नाही.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यात ठेवल्या आहेत. केव्हाही, कुठूनही, मधूनही लावता येतात. रविवार लागत नाही.

ॲपवर कार्यक्रमांच्या आडव्या रांगा असतात. नवीन, लोकप्रिय, अर्धवट पाहिलेले, तुमच्यासाठी निवडलेले. एकाच घरात वडिलांच्या खात्यावर एक रांग, मुलीच्या खात्यावर दुसरी. शेजारच्या घरातली रांग तिसरी. प्रत्येक चित्राखाली नाव, भाग क्रमांक आणि मिनिटे दिलेली असतात. वाराचा आणि वेळेचा रकाना काढून टाकला आहे.